पहिले चाक कोणाचे? उलव्याच्या धावपट्टीवर सी-२९५ : एक प्रकरण अभ्यास

११ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी उलव्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पंधरा-वीस माणसे उन्हात उभी होती. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या धावपट्टीला त्या दिवशी पहिले चाक लागणार होते. करड्या रंगाचे, दोन पंख्यांचे, पंख पाठीवर घेतलेले एक ठेंगणे विमान आले, टेकले आणि पट्टीचा थोडासाच तुकडा वापरून संथ झाले. ते भारतीय हवाई दलाचे सी-२९५ होते. सुखोई-३० गर्जत वरून गेले तेव्हा गच्चीवरचे सगळे फोन तिकडे वळले. मी मात्र त्या ठेंगण्याकडेच पाहत राहिलो.

शेजारी नाना उभे होते. मूळचे कोंबडभुज्याचे. विमानतळासाठी जी दहा गावे उठली, त्यातले ते एक गाव. त्यांची भाताची खाचरे आज त्या कुंपणाच्या आत आहेत. नानांनी विचारले, "सार्जंट, विमानतळ बांधला प्रवाशांसाठी. मग पहिलं विमान लष्कराचं कशाला? आणि तेबी असलं बुटकं?"

मी हवाई दलात वीस वर्षे एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा होतो, त्यातला मोठा काळ अँटोनोव्ह-३२ या मालवाहू विमानावर. म्हणून इमारतीत मला सगळे सार्जंटच म्हणतात. तरी त्या क्षणी मी एवढेच म्हणालो, "नाना, ते कुठंही उतरतं." उत्तर खरे होते, पण अपुरे होते. समोर ३,७०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद पट्टी असताना "कुठेही उतरणाऱ्या" विमानाची गरज काय, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही. पुढे मी दोन-तीन वेळा डिप्लोमाच्या मुलांसमोर हेच प्रकरण मांडले, त्यांच्या शंका ऐकल्या, आणि आता ते नीट लिहून काढतो आहे.

जागा

विमान जिथे टेकले तिथे पूर्वी खाडीचा चिखल, खारफुटी, खाचरे आणि उलव्याचा डोंगर होता. डोंगर सुमारे ९० मीटर उंच. तो सुरुंगांनी फोडला, त्याच दगडामातीचा भराव खालच्या जागेत घातला, उलवे नदीचे पात्र वळवले. वरचे ओवळे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, गणेशपुरी, उलवे, वाघिवली, वाघिवलीवाडा आणि नानांचे कोंबडभुजे ही गावे उठून नव्या जागी गेली. सुरुंगांच्या दिवसांत खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, ते इथल्या जुन्या रहिवाशांना अजून आठवते.

त्या ऑक्टोबरमध्ये धावपट्टी तयार होती, पण टर्मिनलचे काम चालूच होते. विमानतळाचे उद्घाटन पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाली. म्हणजे पहिले विमान उतरले तेव्हा तिथे फक्त पट्टी होती. विमानतळ व्हायला अजून वर्ष जायचे होते. या प्रकरणाची किल्ली याच वाक्यात आहे, पण ती फिरवण्याआधी विमान नीट पाहायला हवे.

विमान

सी-२९५ मूळ स्पेनच्या कासा कंपनीचे, आता एअरबसचे. त्याचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९९७ मध्ये झाले. लांबी सुमारे २४.५ मीटर, पंखांचा पसारा जवळजवळ २६ मीटर, उड्डाणावेळचे कमाल वजन २३.२ टन. माल सुमारे ९ टन, किंवा ७१ सैनिक, किंवा २४ स्ट्रेचर. दोन प्रॅट अँड व्हिटनी टर्बोप्रॉप इंजिने आणि सहा-सहा पात्यांचे पंखे. वेग ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास. पुण्याला जाणाऱ्या माणसाला तो प्रचंड वाटेल, पण जेट प्रवासी विमानापुढे तो फार कमी आहे.

आपल्या हवाई दलाने ही ५६ विमाने घेण्याचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये केला. किंमत सुमारे २१,९३५ कोटी रुपये. १६ विमाने स्पेनमधल्या सेव्हिलहून उडत यायची, ४० वडोदऱ्याला टाटांच्या कारखान्यात बांधायची. पहिले सप्टेंबर २०२३ मध्ये हाती आले आणि वडोदऱ्याच्या ११ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. त्या कारखान्याचे उद्घाटन झाले २८ ऑक्टोबर २०२४ ला, उलव्याच्या या प्रसंगानंतर १७ दिवसांनी.

ही सगळी खरेदी अ‍ॅव्रोच्या जागी होती. अ‍ॅव्रो एचएस-७४८ कानपूरला बांधले जायचे आणि तिथे बांधलेले पहिले विमान १९६१ मध्ये उडाले. त्या काळी आपण एवढे मोठे विमान जोडू शकलो, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण अ‍ॅव्रोचा आराखडा मुळात प्रवासी विमानाचा. पंख पोटाखाली, म्हणून पंखे जमिनीपासून दूर राहावेत यासाठी पाय उंच, म्हणून आतला मजला उंच, आणि दरवाजा बाजूला. पुढे हवाई दलासाठी मोठ्या मालदरवाजाचे अ‍ॅव्रोही बांधले, तरी तो दरवाजा बाजूलाच राहिला. उंचावरच्या बाजूच्या दारातून माल चढवणे म्हणजे काय, ते ज्याने खांदा लावला आहे त्यालाच विचारावे. खालून वर उचला, आत घेतल्यावर काटकोनात वळवा, मग पुढे ढकला. लांब पेटी वळतच नाही.

पोट, तोंड आणि पाय

वर्गात मुले पहिला प्रश्न विचारतात, "सर, किती टन उचलतं?" टन हे पोटाचे माप झाले. मी त्यांना सांगतो, मालवाहू विमानाचे पोट नंतर बघा, आधी तोंड आणि पाय बघा.

तोंड मागे, शेपटीखाली. सी-२९५ ची शेपटीकडची बाजू खालून वर उचललेली आहे. तिथला उतार, म्हणजे रॅम्प, उघडला की तो जमिनीला टेकतो आणि गाडी सरळ आत जाते. वळवावी लागत नाही. अँटोनोव्ह-३२ ला आणखी एक सोय आहे आणि माझा त्या सोयीवर जीव आहे. त्याचा रॅम्प खाली उतरतो, तसाच तो पोटाखाली सरकतोही. मग ट्रक मागे घेऊन थेट मजल्याला लावायचा, हौद्यातून माल सरळ विमानात. छताला ३ टन उचलणारी यारी. एखाद्या डोंगराळ तळावर क्रेन नाही, फोर्कलिफ्ट नाही, चार माणसे आणि एक ट्रक आहे, तिथे हा रॅम्प अर्ध्या तासाचे काम दहा मिनिटांत आणतो.

हे तोंड मागे घ्यायचे तर शेपटी उचलावी लागते, आणि उचललेल्या शेपटीमागे हवा घोटाळते. त्यामुळे विमानाला मागे ओढणारा जोर वाढतो, इंधन जास्त जाते, वेग कमी होतो. प्रवासी विमान बांधणारा हा तोटा कधीच पत्करणार नाही. लष्करी मालवाहू विमान बांधणारा तो पत्करतो, कारण त्याचा हिशेब हवेतल्या तासांपेक्षा जमिनीवरच्या मिनिटांवर चालतो. जमिनीवर थांबलेले विमान शत्रूला सगळ्यात सोपे निशाण असते.

पंख पाठीवर घेण्याचे कारणही हेच. पंख वर गेले की पंखेही जमिनीपासून दूर जातात, खडी उडून पात्यांना लागत नाही, आणि पोट खाली आणता येते, ट्रकच्या हौद्याच्या उंचीपर्यंत. अँटोनोव्ह-३२ मध्ये तर इंजिने पंखांच्याही वर बसवली आहेत, कारण आपल्या उन्हाळ्यासाठी आणि हिमालयासाठी जास्त ताकदीची इंजिने आणि मोठे पंखे हवे होते. ते विमान आपल्याच मागणीवरून तसे घडले.

आता पाय. पंख वर असल्यावर चाके त्यात ठेवता येत नाहीत, ठेवली तर पाय बगळ्यासारखे लांब होतील. म्हणून पोटाच्या दोन्ही बाजूंना फुगीर खिसे करतात आणि चाके त्यात राहतात. गच्चीवरून पाहताना मुलांनी विचारले होते, त्याच्या पोटाला त्या गाठी कसल्या? त्या ह्याच. सी-२९५ ची मुख्य चाके प्रत्येक बाजूला एकामागे एक आहेत. पुढच्या चाकाने माती दाबून दिली की मागचे त्याच चाकोरीतून जाते. ओल्या रानात बैलगाडीमागून बैलगाडी चाकोरी धरून का जाते, ते नानांना मला समजावून सांगावे लागले नाही. आयएल-७६ आणि सी-१७ ही हवाई दलाची मोठी मालवाहू विमाने. आयएल-७६ ला एकूण २० चाके असतात, सी-१७ ला १४. दुसऱ्या महायुद्धात अराडो नावाचे एक जर्मन मालवाहू विमान होते, त्याच्या पोटाखाली लहान चाकांची अख्खी रांगच होती आणि सैनिक त्याला हजार पायांच्या किड्याचे नाव देत. दिसायला विचित्र, पण मागचा उतार, पाठीवरचे पंख आणि पुष्कळ चाके हे सगळे त्यात एकत्र आले होते. अमेरिकेचे सी-१३० ऑगस्ट १९५४ मध्ये उडाले आणि ही ठेवण पक्की झाली. सत्तर वर्षांनी उलव्यात जे उतरले, तेही त्याच घराण्यातले.

तोंड मागे असण्यात एक धोका मात्र कायमचा आहे, आणि तो सांगायला मराठीत तयार शब्द आहे: उलार. बैलगाडीत मागे जास्त ओझे झाले की जू वर उचलले जाते, गाडी उलार होते. पुढे जास्त झाले की धुरजड. विमानाचेही तसेच. हवेत उलार झालेले विमान नाक वर करते आणि ते खाली येईनासे होते, म्हणून प्रत्येक पेटीची जागा ठरवून, साखळदंड आणि पट्ट्यांनी आवळूनच उड्डाण होते. जमिनीवरही सुटका नाही. रॅम्पवर जड वस्तू चढताना विमान शेपटीवर बसू नये म्हणून मागे टेकू लावतात. एका तळावर, घाईच्या दिवशी, टेकू लागायच्या आधीच एक जड क्रेट अर्ध्या रॅम्पवर चढली. मी नाकाच्या चाकाजवळ होतो. विमानाच्या वजनाने दाबलेला त्या चाकाचा खांब माझ्या डोळ्यांदेखत वर पसरायला लागला. ओरडलो. क्रेट थांबली, मागे घेतली, टेकू लागला, मग चढली. कोणाला इजा झाली नाही, विमानालाही नाही. पण तो खांब पसरताना पाहिल्यावर मी आयुष्यात कधी "आज जरा लवकर उरकू" असे म्हटले नाही. मुलांनाही मी हाच प्रसंग सांगतो, आकडे त्यानंतर.

त्या उतरण्याने काय सिद्ध झाले

इथे मला स्पष्ट बोलायचे आहे, कारण त्या दिवशी आणि नंतरही "धावपट्टीची चाचणी यशस्वी" हे शब्द सैल हाताने वापरले गेले.

सी-२९५ च्या वजनाने त्या पट्टीच्या ताकदीची परीक्षा झाली नाही. पूर्ण भरले तरी ते २३.२ टनांचे. जेएनपीटी बंदराकडे जाणारा भरलेला कंटेनर ट्रेलर याच्या दुप्पट वजनाचा असू शकतो आणि तो आपल्या उरण-पनवेल रस्त्यावरून रोज धावतो. प्रवासी एअरबस ए-३२० पूर्ण भरून ७८ टनांच्या घरात जाते. पट्टीची ताकद विमान उतरवून मोजतच नाहीत. ती भरावाच्या थरांच्या दाबणीत, प्रत्येक थराच्या तपासणीत आणि पट्टी कोणत्या चाकाचा किती भार सोसेल या हिशेबात मोजतात. चिखलावरच्या भरावाच्या बाबतीत तर खरा परीक्षक काळ असतो. जमीन वर्षानुवर्षे बसत जाते.

लांबीचीही परीक्षा झाली नाही. कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे सी-२९५ ला टेकल्यावर थांबायला ३२० मीटर पुरतात, उडताना ६७० मीटरची धाव लागते. समोर ३,७०० मीटर.

मग सिद्ध काय झाले? माझे म्हणणे असे. त्या दिवशी त्या जागेत पहिल्यांदा एक खरे विमान खऱ्या वैमानिकांसह आले, त्यांनी वरून ती पट्टी ओळखली, आजूबाजूचे डोंगर आणि इमारती डोळ्यांनी पाहिल्या, वाऱ्याचा अंदाज घेतला, उतरले, वळले, आणि त्यासाठी त्यांना टर्मिनलकडून काही लागले नाही. जिना लागला नाही, कारण विमान जमिनीलगत आहे आणि दाराची वाट त्याच्याच पोटात आहे. सामान उतरवायचा सरकता पट्टा लागला नाही. ए-३२० च्या दारातून उतरायचे तर बाहेरून जिना किंवा पूल आणावाच लागतो. सी-२९५ मधला माणूस रॅम्पवरून चालत खाली येतो. विमानतळाचा जो भाग अजून उभा राहायचा होता, तो या विमानाच्या अंगातच बांधलेला आहे.

नानांच्या प्रश्नाला मी आज हेच उत्तर देईन. पट्टी तयार आहे आणि बाकी काही तयार नाही, अशा मधल्या काळासाठीच हे विमान बनते. लष्कराला युद्धात, पुरात, भूकंपात मिळणारी जागा बहुतेक वेळा अशीच अर्धी असते.

प्रवासी विमानाची चाचणी २९ डिसेंबर २०२४ ला झाली. इंडिगोचे ए-३२० येऊन उतरले. व्यापारी विमानतळ म्हणून तिचे महत्त्व अधिक, पण गच्चीवर त्या दिवशी गर्दी कमी होती.

दुसरे कोणते विमान आले असते तर

वर्गात या टप्प्यावर वाद होतो. सी-१७ का नाही आणले? ते ७७ टन उचलते, पाहायला भव्य, आणि ३,७०० मीटरवर आरामात उतरले असते. एका मुलीने विचारले, "सर, मोठं विमान असताना लहान विमान लागतंच कशाला?" तिला मी दोन घटना सांगितल्या.

पहिली कळंबोलीची. १९ एप्रिल २०२१. कोविडची दुसरी लाट, नवी मुंबई-ठाण्यातल्या रुग्णालयांबाहेर नातेवाईक सिलिंडरसाठी फिरत होते. त्या दिवशी कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून विशाखापट्टणमला निघाले, ती देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. टँकर किती उंच चालेल, वरच्या विजेच्या तारा आणि बोगदे कुठे आडवे येतील, याची मापे घ्यावी लागली होती. त्याच आठवड्यात हवाई दलाच्या सी-१७ ने पुण्याहून दोन रिकामे टँकर जामनगरला नेले. रिकामेच, कारण भरलेला द्रव ऑक्सिजन विमानातून नेणे धोक्याचे. जाताना विमान, येताना रस्ता किंवा रेल्वे, तेवढाच वेळ वाचवायचा. इथे वजनापेक्षा पोटाची उंची-रुंदी निर्णायक होती. सी-२९५ चा कक्ष १.९ मीटर उंच, टँकर त्यात शिरतच नाही. सी-१७ मध्ये तो ट्रकसकट चालत आत जातो. तिथे लहान विमान शंभर फेऱ्या करूनही उपयोगाचे नव्हते.

दुसरी सिलक्याराची. १२ नोव्हेंबर २०२३ ला उत्तराखंडातल्या त्या बोगद्यात ४१ कामगार अडकले. दिल्लीहून मोठे ऑगर, म्हणजे आडवे भोक पाडणारे यंत्र न्यायचे होते. जवळची पट्टी चिन्यालीसौडची, लांबी हजार-बाराशे मीटर. सी-१३० जे विमानांनी यंत्राचे भाग करून तिथे उतरवले. नंतर इंदूरहून दुसरे २२ टन साहित्य सी-१७ मधून आले, पण ते उतरले डेहराडूनला, आणि पुढचा घाटरस्ता ट्रकने. मोठ्या पोटाचे विमान लांब थांबले, मधल्या पोटाचे जवळ पोहोचले. (शेवटी कामगार बाहेर आले ते २८ नोव्हेंबरला, यंत्र तुटल्यावर हाताने खणणाऱ्या माणसांमुळे. त्या माणसांचा उल्लेख केल्याशिवाय मी ही घटना कधी सांगत नाही.)

या दोन घटना शेजारी ठेवल्या की हवाई दल एकाच आकाराची विमाने का घेत नाही, ते कळते. सी-१७, आयएल-७६, सी-१३० जे, अँटोनोव्ह-३२, सी-२९५, डॉर्नियर. प्रत्येकाच्या पोटाचे आणि पायांचे गणित वेगळे. २० ऑगस्ट २०१३ ला सी-१३० जे लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला उतरले, १६,६१४ फूट उंचीवर. तिथे हवा इतकी विरळ की पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा दम कमी होतो, उतरतानाचा जमिनीवरचा वेग वाढतो. तिथे पाय भक्कम लागतात, आणि परत उडायला ताकद शिल्लक लागते. पट्टीची लांबी बघून विमान निवडणारा माणूस तिथे फसेल.

अँटोनोव्ह-३२ बद्दल इथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. २२ जुलै २०१६ ला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एक अँटोनोव्ह २९ माणसांसह बंगालच्या उपसागरात नाहीसे झाले. त्याचे अवशेष सापडले जानेवारी २०२४ मध्ये, ३,४०० मीटर खोल तळाशी. साडेसात वर्षे. ज्यांनी या विमानावर हात काळे केले, त्यांना ती बातमी वाचताना काय वाटले असेल ते मी शब्दांत मांडू शकत नाही. जुन्या विमानांच्या जागी नवी विमाने वेळेत येणे हा माझ्या दृष्टीने खरेदीचा विषय नाही, घरी वाट पाहणाऱ्या माणसांचा आहे. अ‍ॅव्रोच्या बदलीचा निर्णय कागदावर फार वर्षे रेंगाळला. तसे अँटोनोव्हचे होऊ नये.

नवी मुंबईला याचा उपयोग

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, विमानतळ बंद, रेल्वे बंद, रस्ते पाण्याखाली. त्याच दिवसांत रायगडात महाडकडे दरडी कोसळल्या. तेव्हा या बाजूला मोठी पट्टी नव्हती. आज आहे, आणि तिच्यावर मदतीचे विमान उतरवणे शक्य आहे. अख्ख्या महामुंबईसाठी ही मोठी गोष्ट आहे. एका सी-२९५ मध्ये आपत्ती दलाचे पथक, त्यांच्या रबरी बोटी, जनरेटर आणि औषधे मावतात, आणि परतीच्या फेरीत स्ट्रेचर.

पण मुलांना मी लगेच इर्शाळवाडीही सांगतो. १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूरजवळच्या त्या ठाकरवाडीवर डोंगर आला. या धावपट्टीपासून ती जागा फार लांब नाही. तिथे खणणारी यंत्रे पोहोचली नाहीत, कारण रस्ताच नव्हता. हवामानामुळे हेलिकॉप्टरही उपयोगी आले नाही. माणसे चिखलातून चढून गेली आणि हातांनी उपसत राहिली. पट्टी कितीही लांब असो, विमान कितीही चांगले असो, शेवटचे चार किलोमीटर पायवाटेचे असतील तर मदत पायवाटेच्याच वेगाने जाते. विमानतळाच्या आराखड्यात मदतीच्या विमानाला जागा असावी, आणि त्याच वेळी डोंगरातल्या वाड्यांचे रस्ते आणि पुनर्वसन व्हावे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. दुसरी मागे पडली तर पहिलीचा अर्धा उपयोग वाया जातो.

गच्चीवर पुन्हा

हे सगळे लिहून झाल्यावर एका संध्याकाळी मी नानांना वाचून दाखवले. आकड्यांच्या जागी ते गप्प बसले, बैलगाडीच्या जागी हसले. मग त्यांनी विचारले, "थांबायला किती मीटर म्हणालास?"

"३२०. पण ते कारखान्याचं माप, सगळं अनुकूल असताना."

नाना हाताने मोजू लागले. त्यांचे खाचर, त्याला लागून भावाचे, मग चुलत्यांचे, पुढे गावची वाट. "म्हणजे आमच्या खाचरांतबी उतरलं असतं की."

मी विचार केला आणि खरे ते सांगितले. चैत्र-वैशाखात, भात काढून जमीन तापून दगडासारखी झाली की कदाचित उतरले असते. अशा जमिनीची आधी लोखंडी सळई दाबून परीक्षा घेतात, किती दाबाला किती खोल जाते ते पाहतात. श्रावणात चाक रुतले असते. आणि उडायला ६७० मीटर सरळ वाट लागली असती.

"आणि नाना, बांध काढावे लागले असते. सगळे."

नाना बराच वेळ कुंपणापलीकडच्या दिव्यांकडे पाहत राहिले. एक प्रवासी विमान आले, टेकले, त्याच्या पोटाखालच्या दिव्याचा उजेड पट्टीवर लांबवर सरकत गेला.

"चुलत्याचा बांध हातभर सरकवला म्हणून आमच्यात तीन वर्षं बोलणं नव्हतं," ते म्हणाले. "कुठं व्हता तो बांध, ते आता मला पण दाखवता येणार नाय."